बॅकग्राउंडमधली प्रोसेस रात्री गायब होते. कुणी मारली हे कसं शोधायचं आणि लगेच कळवायचं कसं?

रबाळे_रात्रपाळी | सोमवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतल्या एका प्लँटवर उबुंटू २२.०४ चं मशीन आहे. रॅम ८ जीबी, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही. त्यावर तीन कामं बॅकग्राउंडला चालतात. वजनकाट्यांचा डेटा दर ५ सेकंदांनी उचलणारी पायथन स्क्रिप्ट, रात्री १२ नंतर दिवसभराच्या फायली जोडून हिशेब काढणारा पायथनचाच वर्कर, आणि पीडीएफ बनवणारी जावा प्रोसेस. तिन्ही एसएसएचमधून (दुरून लॉगिन करून) नोहप लावून, म्हणजे लॉगआउटनंतरही चालू राहतील अशा, सोडलेल्या.

गेल्या दहा दिवसांत वर्कर तीनदा गायब झालाय. लॉगची शेवटची ओळ अर्ध्यात तुटलेली, ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणाऱ्या ओळी) नाही. ट्राय-एक्सेप्ट आहे, अ‍ॅटएक्झिट आहे, सिगटर्मचा, म्हणजे 'थांब' सांगणाऱ्या सिग्नलचा, हँडलरसुद्धा आहे. तरी मरताना एक अक्षर लिहून जात नाही. बाकी दोघांना काही होत नाही.

स्वतः कोसळला की कुणी मारला, मारला तर कुणी, आणि सकाळी ८ ला सुपरवायझरचा फोन यायच्या आत मला मोबाइलवर कसं कळेल, एवढं हवंय. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा, टर्मिनलवर मी बरोबर टाकतो.

---

मासुंदा_टर्मिनल | सोमवार, सकाळी १०:०५

अर्धी ओळ आणि गप्प हँडलर, या दोन गोष्टींवरूनच सिगकिलचा, म्हणजे ९ नंबरच्या सिग्नलचा वास येतोय. तो पकडता येत नाही, अडवता येत नाही, दुर्लक्षही करता येत नाही. अ‍ॅटएक्झिट, फायनली, हँडलर यातलं काहीच चालत नाही. ओळ तुटते कारण आउटपुट फाइलकडे वळवलं की पायथन ते ८ केबीच्या गठ्ठ्याने लिहितो. शेवटचा अपुरा गठ्ठा प्रोसेसबरोबरच जातो. म्हणजे लॉगमधली शेवटची वेळ ही मरणाची वेळ नव्हे. वर्कर त्यानंतरही बराच वेळ जिवंत असू शकतो. आधी पायथनला वजा-यू लावा, म्हणजे तो गठ्ठा न साठवता लगेच लिहील.

मेलेल्याला विचारून उपयोग नाही, साक्षीदार गाठायचे. ते तीन आहेत आणि प्रत्येकाला वेगळी गोष्ट माहीत असते. पालक प्रोसेसला कळतं कसा मेला, म्हणजे एक्झिट कोड की सिग्नल. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगला कळतं मेमरीपायी मारला का. कुणी मारला हे या दोघांनाही सांगता येत नाही, त्यासाठी ऑडिट, म्हणजे कर्नलकडे आलेल्या मागण्यांची नोंद, लागतं आणि ते आधीपासून चालू असावं लागतं.

तुमच्या केसमध्ये पहिला साक्षीदार तुम्हीच हाकललाय. नोहपवाल्या प्रोसेसचा पालक म्हणजे तुमचं शेल. लॉगआउट केलंत की ते गेलं आणि प्रोसेस पीआयडी (प्रोसेसचा नंबर) १ कडे, म्हणजे मशीन सुरू होताच उठणाऱ्या पहिल्या प्रोसेसकडे, दत्तक गेली. पीआयडी १ अशा पोरक्या प्रोसेसचा शेवटचा स्टेटस उचलतो आणि गुपचूप टाकून देतो, कुठेही नोंद होत नाही.

आज एवढंच बघा:

जर्नलसीटीएल वजा-वजा लिस्ट-बूट्स. मशीनच रीबूट झालं असेल तर पुढचं सगळं शोधणं फुकट. आपल्याकडे शुक्रवारी एमआयडीसी बंद असते, वीजदुरुस्तीची कामं तेव्हाच निघतात आणि यूपीएसची बॅटरी किती जुनी आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

मग जर्नलसीटीएल वजा-के, वजा-वजा सिन्स लावून त्या तीन रात्रींसाठी, आणि त्यात 'किल्ड प्रोसेस' शोधा. ओळ सापडली तर तिच्या वरचा तक्ताही इथे टाका.

त्यानंतर नोहप सोडा आणि वर्करची सिस्टिमडी सर्व्हिस करा. सिस्टिमडी म्हणजे सर्व्हिस सुरू करणारा, सांभाळणारा उबुंटूचा प्रोग्राम. आता पालक सिस्टिमडी असेल आणि तो सगळं लिहून ठेवतो. मेल्यावर सिस्टिमसीटीएल शो मध्ये तीन गुणधर्म बघायचे: रिझल्ट, एक्झेकमेनकोड, एक्झेकमेनस्टेटस. कोड १ म्हणजे स्वतःहून बाहेर पडला, २ म्हणजे सिग्नलने मेला, ३ म्हणजे सिग्नलने मेला आणि कोअर डंपही पडला. स्टेटसमध्ये अनुक्रमे एक्झिट कोड किंवा सिग्नलचा नंबर. रिझल्टमध्ये 'सिग्नल', 'ओओएम-किल' (ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी, मेमरी संपणं), 'टाइमआउट', 'वॉचडॉग', 'एक्झिट-कोड' असा एक शब्द येतो, आणि निम्मं निदान त्या शब्दातच असतं.

कळवण्यासाठी युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) एक्झेकस्टॉपपोस्ट बरोबर एक छोटी स्क्रिप्ट द्या. सर्व्हिस कशीही मेली तरी ती चालते आणि तिला तीन व्हेरिएबल मिळतात: सर्व्हिस_रिझल्ट, एक्झिट_कोड, एक्झिट_स्टेटस. ऑनफेल्युअरचा, म्हणजे सर्व्हिस फसली की दुसरं युनिट चालवण्याचा, सल्ला जास्त लोक देतात, पण रीस्टार्ट लावलेल्या सर्व्हिसला तो प्रत्येक मरणाला वाजेल असं धरून चालू नका. शिवाय ऑनफेल्युअरच्या युनिटला मरणाचं कारण थेट हातात मिळण्याची सोय सिस्टिमडी २५१ पासूनची आहे आणि २२.०४ वर २४९ आहे.

---

ऐरोली_खाडीकाठ | सोमवार, सकाळी १०:४८

वरच्यात भर. साधं किल, म्हणजे सिगटर्म, नंबर १५, याने पायथन मेला तर सिस्टिमडी त्याला शहाणा मृत्यू धरतो. सिगहप, सिगइंट, सिगटर्म आणि सिगपाइप हे चारही 'क्लीन'. रिझल्ट 'सक्सेस' येतो आणि रीस्टार्ट ऑन-फेल्युअर असूनही सर्व्हिस परत उठत नाही. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये फक्त सर्व्हिस_रिझल्ट तपासलात तर हे मरण निसटलं. एक्झिट_कोड 'किल्ड' आहे का तेही तपासा.

मग सिस्टिमसीटीएल स्टॉपने थांबवलं की तेही 'किल्ड, टर्म' असंच दिसेल. फरक जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या लॉगमध्ये): स्टॉपच्या आधी सिस्टिमडीची 'स्टॉपिंग' अशी ओळ असते, बाहेरून किल मारलेलं असेल तर नसते.

जावाचं उलटं. जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) सिगटर्म स्वतः हाताळतो, शटडाउन हुक चालवतो आणि १४३ कोडने बाहेर पडतो. सिस्टिमडीला ते अपयश वाटतं आणि नीट थांबवलं तरी बोंब होते. जावाच्या युनिटमध्ये सक्सेसएक्झिटस्टेटस १४३ लिहा.

आणि १३७ दिसला की 'मेमरी, मेमरी' करू नका. शेलमध्ये सिग्नलने मेलेल्याचा कोड म्हणजे १२८ अधिक सिग्नल नंबर. १३७ म्हणजे ९, १४३ म्हणजे १५, १३९ म्हणजे ११ नंबरचा सेगफॉल्ट, १३४ म्हणजे ६ नंबरचा अबॉर्ट. १३७ एवढंच सांगतो की सिगकिल आला, का आला ते सांगत नाही. डॉकर स्टॉप १० सेकंद वाट बघून सिगकिल मारतो, तेव्हाही १३७ च. डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड 'ट्रू' असेल तरच मेमरीला दोष द्या. पायथनच्या सबप्रोसेसमध्ये हाच आकडा वजा ९ असा दिसतो, तिथे १३७ शोधत बसू नका.

---

रबाळे_रात्रपाळी | सोमवार, दुपारी ४:३०

रीबूट एकही नाही. तीनपैकी दोन रात्री कर्नल लॉगमध्ये ओळ आहे, तिसऱ्या रात्री काहीच नाही. पहिल्या रात्रीची:

'जावा इन्व्होक्ड ओओएम-किलर' आणि खाली 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस २२१८७ (पायथन३) … अ‍ॅनॉन-आरएसएस:४२३६८१२केबी … ओओएम_स्कोअर_अ‍ॅडज:०'

मधल्या तक्त्यात आरएसएसच्या रकान्यात पायथन३ समोर १०,६०,००० आणि जावासमोर ९,२०,०००. जावानेच मारलं ना मग? नाव तर तिचंच आहे.

---

मासुंदा_टर्मिनल | सोमवार, सायंकाळी ५:१५

नाही. 'इन्व्होक्ड' च्या आधी ज्याचं नाव येतं, त्याने फक्त शेवटची मागणी केली. भांडं काठोकाठ भरलेलं असताना शेवटचा थेंब टाकणारा तो. काटा-स्क्रिप्टचं नावही येऊ शकलं असतं.

तक्त्यातला आरएसएस, म्हणजे प्रोसेसने धरलेली रॅम, केबीत नसतो, पानांत असतो, आणि एक पान ४ केबीचं. १०,६०,००० पानं म्हणजे साधारण ४ जीबी, ९,२०,००० म्हणजे ३.५ जीबी. बेरीज साडेसात, मशीन ८ चं, स्वॅप शून्य. कर्नल सगळ्यांना गुण देतो: किती मेमरी धरून बसलाय, त्यात ओओएम_स्कोअर_अ‍ॅडजची भर किंवा वजावट. सगळ्यात जास्त गुण त्याचा बळी. तुमचा वर्कर सगळ्यात लठ्ठ होता म्हणून तो गेला. काटा-स्क्रिप्ट बारीक म्हणून वाचतेय, उद्याही वाचेलच याची खात्री नाही.

तिच्या युनिटमध्ये ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट वजा ८०० करा. ही किंमत वजा १००० ते १००० मध्ये चालते. वजा १००० म्हणजे पूर्ण अभय, पण ते देऊ नका. तीच कधी मेमरी गळू लागली तर कर्नल बाकी सगळ्यांचा बळी देत बसेल. जावाला एक्सएमएक्स (हीपची, म्हणजे तिच्या डेटाच्या मेमरीची, कमाल मर्यादा) २जी द्या. हीपबाहेरही जावा खाते, म्हणून तिच्या युनिटची मेमरीमॅक्स ३जी धरा. वर्करला मेमरीमॅक्स ३.५जी. आता वर्कर फुगला तर त्याचा तोच मरेल, शेजारी सुटतील. लॉगमध्ये ओळ 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' अशी सुरू होईल आणि रिझल्टमध्ये 'ओओएम-किल' येईल.

मेमरीपायी किती बळी गेले हा आकडा बाहेरून सतत बघायचा असेल तर त्या सर्व्हिसच्या सीग्रुप (तिच्या प्रोसेसचा गट) फोल्डरात मेमरी.इव्हेंट्स नावाची फाइल आहे, त्यातली ओओएम_किल ही ओळ. अख्ख्या मशीनचा हिशेब /प्रॉक/व्हीएमस्टॅट मध्ये त्याच नावाने सापडतो. दर मिनिटाला वाचा, वाढला की कळवा. फोल्डरातला आकडा सर्व्हिस नव्याने सुरू झाली की शून्यावर येऊ शकतो, तेव्हा 'आधीपेक्षा कमी' दिसलं तर गोंधळू नका.

खरं दुखणं अर्थात वर्कर दिवसभराच्या फायली एकदम मेमरीत ओढतो हे आहे. तुकड्या-तुकड्याने वाचायला लावा.

---

कोपरखैरणे_सेक्टर | सोमवार, रात्री ९:२०

तिसऱ्या रात्री कर्नल गप्प आहे म्हणजे सिगकिल कुण्या प्रोसेसने मारला असणार. झालं त्याचा पुरावा आता मिळणार नाही, पुढचं पकडायची तयारी करा.

ऑडिटडी (ऑडिटची नोंद ठेवणारा प्रोग्राम) टाका. नियम असा: ऑलवेज एक्झिट, आर्च बी६४, सिसकॉल (प्रोसेसने कर्नलला केलेली मागणी) किल आणि टीकिल, ए१ (मागणीतला दुसऱ्या जागचा आकडा) बरोबर ९, की म्हणून एखादा शब्द, समजा 'मारेकरी'. की मात्र रोमनमध्येच द्या, नाहीतर शोधताना रडाल. टीजीकिलसाठी वेगळी ओळ लागते, कारण त्यात सिग्नल तिसऱ्या जागी असतो, म्हणून ए२ बरोबर ९. दोन्ही एकाच ओळीत कोंबले की टीजीकिल निसटतो आणि कळतही नाही. ए१ ची अट गाळू नका. प्रोसेस जिवंत आहे का हे बघायला कितीतरी प्रोग्राम शून्य नंबरचा सिग्नल पाठवत असतात. ऑडिटचा लॉग मुळात ८ एमबीच्या ५ फायलींचा, अट नसेल तर गर्दीत कामाची नोंद फिरून पुसली जाईल.

नियम /इटीसी/ऑडिट/रूल्स.डी खाली फाइलमध्ये ठेवा आणि ऑजेनरूल्स वजा-वजा लोड चालवा. नुसत्या ऑडिटसीटीएलने टाकलेला नियम रीबूटनंतर राहत नाही.

घटना घडली की ऑसर्च वजा-के मारेकरी वजा-आय. वजा-आय विसरलात तर आकडे हेक्समध्ये दिसतील.

ओओएम किलर इथे दिसणार नाही. तो कर्नलच्या आतून मारतो, सिसकॉल करत नाही. सीग्रुप.किल फाइलमध्ये १ लिहून मारलेलंही दिसत नाही. हे सगळं एकाच चाळणीतून बघायचं असेल तर बीपीएफट्रेसने (कर्नलच्या आत डोकावणाऱ्या साधनाने) सिग्नल_जनरेट या ट्रेसपॉइंटवर बसावं लागेल. तुमच्या कामाला ऑडिट पुरे.

---

रबाळे_रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ११:०२

सापडला! सोमवारी सर्व्हिस केली, मंगळवारी ऑडिट. काल रात्री वर्कर पुन्हा गेला. जर्नलमध्ये रिझल्ट 'सिग्नल', कोड 'किल्ड', स्टेटस 'किल', वेळ २:३०:०१. मेमरीची ओळ नाही. ऑडिटची नोंद:

सिसकॉल=किल, ए१=९, कॉम=पीकिल, एक्झी=/यूएसआर/बिन/पीग्रेप, एयूआयडी=रूट
ओबीजे_पीआयडी: ओपीआयडी=३१४०६, ओकॉम=पायथन३
प्रॉकटायटल: पीकिल -९ -एफ रिपोर्ट

एक्झीमध्ये पीग्रेप का आलाय ते कळलं नाही. आणि रूट म्हणजे कोण? मशीनवर रूटने मी सोडून कुणीच जात नाही.

---

कोपरखैरणे_सेक्टर | शुक्रवार, सकाळी ११:४०

उबुंटूवर पीकिल हा पीग्रेपकडे जाणारा दुवाच आहे, एकच प्रोग्राम दोन नावांनी. म्हणून कॉममध्ये एक आणि एक्झीमध्ये दुसरं.

२:३०:०१ ही वेळ बघा. माणूस इतक्या नेमक्या वेळी एंटर दाबत नाही. मिनिट उलटून एक सेकंद म्हणजे क्रॉन, ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम. एयूआयडी हा मूळ लॉगिनचा आयडी असतो. सुडो करून रूट झालात तरी त्यात तुमचंच नाव राहतं. इथे थेट रूट आहे, म्हणजे सुडो करून आलेलं कुणी नाही. थेट रूटने लॉगिन फक्त तुम्ही करता, तेव्हा ही वेळ बघता रूटचा क्रॉन. क्रॉनटॅब वजा-एल रूटमध्ये बघा, तिथे नसेल तर /इटीसी/क्रॉन.डी.

वजा-एफ ने पीकिल प्रोसेसचं नाव बघत नाही, अख्खी कमांडलाइन चाळतो. अडकलेली पीडीएफ प्रोसेस साफ करायला कुणीतरी ही ओळ लिहिली असणार आणि तुमच्या वर्करच्या पाथमध्ये कुठेतरी 'रिपोर्ट' हा शब्द असणार.

---

रबाळे_रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १२:१०

आहे. वर्कर /ऑप्ट/रिपोर्ट-डेटा खाली आहे. क्रॉनची ओळ आधीच्या व्हेंडरने टाकलेली. पण मग रोज रात्री का मरत नाही?

---

कोपरखैरणे_सेक्टर | शुक्रवार, दुपारी १२:२५

रोज अडीचच्या आत काम संपत असेल. माल जास्त गेला, फायली फुगल्या, अडीच वाजून गेले की सापडला. मेलेल्या रात्रींच्या फायलींचा साइज बघा.

ओळ काढून टाका. पीडीएफची जावा प्रोसेस सर्व्हिस झाली की अडकल्यावर तिला मारायचं काम त्या युनिटचं. पीकिल ठेवायचाच असेल तर आधी पीग्रेप वजा-ए-एफ त्याच शब्दाने चालवून कोण कोण सापडतंय ते डोळ्यांनी बघा. थेट ९ कधीच नको. आधी १५, मग ३० सेकंद, मग ९.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | शुक्रवार, दुपारी २:५०

कळवण्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

एक्झेकस्टॉपपोस्टमधून थेट कर्लने (वेबवर मागणी पाठवणाऱ्या कमांडने) टेलिग्रामला मेसेज पाठवता येतो, पण नेट बंद असेल तर कर्ल लटकतो, ती स्क्रिप्ट संपत नाही, आणि संपेपर्यंत सर्व्हिस पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे कळवण्यापायी काम थांबलं. कर्लला मॅक्स-टाइम १० द्याच. त्याहून बरं म्हणजे स्क्रिप्टने /वार/स्पूल खालच्या एका फोल्डरात फाइल टाकून मोकळं व्हावं, आणि दर मिनिटाच्या वेगळ्या टायमरने त्या फायली पाठवाव्यात, पोहोचली तरच पुसाव्यात. नेट तासाने आलं तरी मेसेज जातो.

मेसेजमध्ये मशीनचं नाव, युनिट, तीन व्हेरिएबल, वेळ, आणि त्याच फेरीच्या शेवटच्या २० ओळी. ओळी उचलताना इन्व्होकेशन_आयडी वापरा. तो दर फेरीला वेगळा असतो, नाहीतर रीस्टार्ट झालेल्या नव्या फेरीच्या ओळी मिसळतात आणि मेसेज वाचणारा चकतो.

आणि हे सगळं त्याच मशीनवर आहे. मशीनच आडवं झालं तर कळवणाराही आडवा. त्यासाठी उलटी व्यवस्था: वर्करने काम संपल्यावर दुसरीकडच्या मशीनला एक पिंग द्यायचा, आणि पहाटे ४ पर्यंत पिंग आला नाही तर बोंब त्या मशीनने मारायची. ते रबाळ्यातच त्याच यूपीएसवर नको. ठाण्याच्या ऑफिसात असलं तरी चालेल. पिंग सुरुवातीला देऊ नका. सुरू झालेलं काम मधेच मेलं तरी पिंग गेलेला असतो.

काटा-स्क्रिप्टचं दुखणं निराळं. ती जिवंत राहून गोठू शकते, सिरियल पोर्टवर अडकली की प्रोसेस दिसते पण आकडे येत नाहीत. तिला वॉचडॉगसेक ३० द्या आणि वाचन यशस्वी झाल्यावरच सिस्टिमडीला 'वॉचडॉग=१' पाठवा. ३० सेकंद गप्प राहिली की सिस्टिमडी तिला सिगअबॉर्टने पाडतो, रिझल्ट 'वॉचडॉग'. हा मेसेज वेगळ्या लूपमधून किंवा वेगळ्या थ्रेडमधून पाठवलात तर वाचन अडकलेलं असतानाही तो खुशाल जात राहील.

कुणाकडे वजनकाट्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर असेल तर: सर्व्हिस असेल तर सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट ७०३१ किंवा ७०३४. साधी प्रोसेस असेल तर जीफ्लॅग्जमधलं 'सायलेंट प्रोसेस एक्झिट' त्या एक्झीसाठी चालू करा. दुसऱ्या प्रोसेसने मारलं तर तिचं नाव अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये येतं.

---

रबाळे_रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०:१५

क्रॉनची ओळ काढली. जावाने अडीचला मारलेल्या दोन रात्री आणि मेमरीवाल्या दोन रात्री वेगळ्या होत्या असं वाटत होतं, पण फायलींचे साइज बघितले तर चारही रात्री मोठ्या फायलींच्याच. मोठी फाइल आली की आधी मेमरी गाठायची, त्यातून वाचला तर क्रॉन.

आज चाचणी घेतली. किल -९: मेसेज आला, 'सिग्नल, किल्ड, किल', सर्व्हिस परत उठली. साधं किल: मेसेज आला, 'सक्सेस, किल्ड, टर्म', सर्व्हिस उठली नाही, ऐरोलीवाल्यांनी सांगितलं तसंच. मेमरीमॅक्स तात्पुरतं ५००एम करून चालवलं: 'ओओएम-किल'. नेटची वायर काढून किल -९: वायर लावल्यावर दीड मिनिटात मेसेज. सिस्टिमसीटीएल स्टॉपलाही मेसेज येतोय, ते अजून गाळायचंय.

---

ऐरोली_खाडीकाठ | शनिवार, सकाळी १०:३२

'जावाने मारलेल्या' नव्हे, क्रॉनने. जावा दोन्हीकडे निर्दोष आहे.

स्टॉप गाळायला एक्झेकस्टॉप वापरा. पण सर्व्हिस स्वतःहून नीट संपली तरीही तो चालतो, म्हणून नुसती खूण टाकून भागणार नाही. एक्झेकस्टॉपच्या स्क्रिप्टमध्ये मेनपीआयडी हे व्हेरिएबल भरलेलं आहे का ते बघा. स्टॉप दिलेला असताना मुख्य प्रोसेस अजून जिवंत असते, तेव्हा भरलेलं सापडतं. भरलेलं असेल तर /रन खाली एक रिकामी फाइल टाका. स्टॉपपोस्टमध्ये ती फाइल दिसली तर गप्प बसायचं आणि फाइल पुसायची. पुसायला विसरलात तर पुढचं खरं मरणही गप्पच जाईल.